गाडी कुठं ओरडते, ते लिहून ठेवा



आज हप्ता, व्याज, पापडाचं पॅकिंग यातलं काही नाही. आज गाडीबद्दल बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, गाडी तर ड्रायव्हर भाऊ चालवतो, आपल्याले काय करायचं? पण गाडीत बसतो आपण, आपली लेकरं बसतात आणि भाडंही आपल्याच गटाच्या पैशातून जातं. म्हणून हा विषय आपला आहे.

आमचे गट मूर्तिजापूरच्या बाजूच्या खेड्यांतले. कधी अमरावतीला विक्री, कधी अकोल्याला बैठक, कधी प्रशिक्षण. आठवड्यातून एक-दोनदा तरी महामार्गावर जावं लागतं. लोणच्याच्या बरण्या आणि शेवयांची खोकी घेऊन एसटीत चढणं सोपं नाही, म्हणून सगळ्या मिळून सात सीटची गाडी ठरवतो. गेल्या वर्षापासून जी गाडी येते, ती नवीन आहे. आणि ती बोलते. म्हणजे टुकटुक करते, लाल दिवा दाखवते, कधी स्टिअरिंग ओढते, तर कधी स्वतःच ब्रेक मारते.

पहिल्या दिवशी मागून एक काकू घाबरून म्हणाल्या, "काहून हो भाऊ, गाडी बिघडली का?"

भाऊ म्हणाले, "नाही हो काकू, बिघडली नाही. लय हुशार आहे, हाच तर तरास आहे!"

या हुशारीला गाडीवाले 'एडास' म्हणतात. आपण मराठीत चालकाची मदतनीस म्हणू. समोरच्या काचेला आतून, आरशाजवळ, एक कॅमेरा असतो. तो रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि समोरची वाहनं पाहतो. बऱ्याच गाड्यांत पुढच्या बंपरमध्ये रडार असतं. ते लहरी सोडतं आणि त्या आदळून परत आल्या की समोरची वस्तू किती दूर आहे ते ओळखतं. मदतनिसाची मुख्य कामं चार. गाडी पट्टा सोडून सरकली तर सावध करणं, समोरच्या गाडीपासून अंतर राखणं, धडक होईल असं वाटलं तर ब्रेक मारणं आणि चालकाला झोप येत असेल तर इशारा देणं. ऐकायला किती चांगलं वाटतं! मग रोजच्या रस्त्यावर वैताग का येतो?

आधी आपला रस्ता पाहा. आपला अमरावती-अकोला महामार्ग, पूर्वीचा नंबर सहा, आताचा त्रेपन्न. कितीतरी वर्षं याचं काम रखडलं होतं, खड्ड्यांतून गाड्या हळूहळू जायच्या, हे तुम्ही विसरला नसाल. मग 2022 च्या जून महिन्यात याच रस्त्यावर 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर लांबीचा एका पदरी डांबरी थर सलग टाकला गेला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. आधीचा विक्रम कतार देशातल्या दोहा शहराकडे होता, पंचवीस किलोमीटरच्या थोडा वर. भर उन्हाळ्याच्या शेवटी रात्रंदिवस मजूर राबले, तेव्हा हा रस्ता झाला. त्याचा आम्हाला अभिमान आहे.

पण रस्ता गुळगुळीत झाला म्हणून रस्त्यावरची माणसं बदलली नाहीत. त्याच रस्त्यावर कापसाची ट्रॉली आहे, पऱ्हाटीनं भरलेली बंडी आहे, दुभाजकातल्या फटीतून घुसणारी मोटरसायकल आहे, उजव्या पदरातून सावकाश जाणारा ट्रक आहे, गुरं आहेत आणि राँग साईडनं येणारा आपलाच एखादा पोट्टा आहे. शिस्तीत एकामागे एक चालणाऱ्या गाड्या पाहून शिकलेल्या मदतनिसाला हा सगळा पसारा कळायला जड जातो.

आता एकेक तक्रार घेऊ.

पहिली तक्रार स्टिअरिंगची. समोर मोटरसायकल आली, भाऊंनी तिला जागा देण्यासाठी गाडी जराशी बाजूला घेतली, की स्टिअरिंग हलकंच उलट ओढतं. "मी इकडे नेतो, अन् ही तिकडे ओढते," असं भाऊ चिडून म्हणतात. यामागचं कारण साधं आहे. इंडिकेटर न देता पट्टा ओलांडला की मदतनिसाला वाटतं, चालकाला डुलकी लागली. इंडिकेटर दिला, तर बहुतेक गाड्यांत ती गप्प बसते. म्हणजे हा वैताग अर्धा आपल्या सवयीचा आहे. इंडिकेटर मागच्या वाहनासाठी द्यायचाच असतो. ती सवय लागली तर मागचा ट्रकवालाही सावध होतो आणि गाडीही भांडत नाही.

दुसरी तक्रार अंतराची. वेग ठरवून दिला की गाडी समोरच्या वाहनापासून स्वतःच अंतर राखते. पण आपल्याकडे रस्त्यात मोकळी जागा दिसली की ती कोणाला सोडवते का? लगेच एक मोटरसायकल किंवा मालाची छोटी गाडी मधे शिरते. मग आपली गाडी हळू होते, पुन्हा अंतर सोडते, पुन्हा कोणीतरी शिरतं. मागचा हॉर्न वाजवून कान किटवतो. हे अंतर कमी-जास्त करण्याची सोय बहुतेक गाड्यांत असते. पण गर्दीच्या भागात, गावाजवळ, ही वेग राखण्याची सोय बंद ठेवून पायानंच गाडी चालवलेली बरी. ती मोकळ्या रस्त्यासाठी आहे.

तिसरी तक्रार अचानक ब्रेकची, आणि ही सगळ्यात गंभीर. समोरून काही आडवं आलं की गाडी करकचून ब्रेक मारते. कधी खरंच कोणी आडवं येतं, कधी बाजूनं निघून जाणाऱ्याला गाडी उगाच घाबरते. चालकाला निदान आधी लाल दिवा तरी दिसतो. मागं बसलेल्या आपल्याला काहीच दिसत नाही. आपण गप्पांत असतो, कोणी डब्यातून लाडू काढत असते, आणि धाडकन पुढं आदळतो. म्हणून अशा गाडीत मागच्या सीटवर पट्टा जास्त गरजेचा आहे, हे नीट लक्षात ठेवा. खोकी आणि बरण्याही बांधूनच ठेवायच्या. काचेची बरणी मागून डोक्यावर आली तर लोणचं सांडेलच, डोकंही फुटेल.

चौथी गोष्ट तक्रार नाही, अडचण आहे. कॅमेऱ्याला दिसलंच नाही तर तो काय करील? मूर्तिजापूरहून आपण सकाळी अमरावतीला निघालो की पूर्वेकडे जातो, सूर्य समोर. संध्याकाळी परत येतो तेव्हा पश्चिमेकडे, पुन्हा सूर्य समोर. जसे भाऊंचे डोळे दिपतात, तसा कॅमेराही दिपतो. पावसाळ्यात काचेवर चिखल उडतो, थंडीत पहाटे धुकं असतं, आणि काही ठिकाणी पांढरे पट्टे पुसून गेलेले असतात. गाडीच्या पुस्तिकेत कंपन्याच लिहितात की अशा वेळी मदतनिसावर भरवसा ठेवू नका. आणखी एक महत्त्वाची गोष्ट. वेगात असताना रस्त्यात थांबून राहिलेलं वाहन ओळखणं बऱ्याच यंत्रांना चालत्या वाहनापेक्षा अवघड जातं. आणि आपल्या रस्त्यावर रात्री पंक्चर झालेला ट्रक, बिनदिव्याची ट्रॉली उभी असणं ही नेहमीचीच गोष्ट आहे.

एवढं सगळं ऐकल्यावर वाटतं, बंद करून टाका ही कटकट. भाऊही तेच म्हणतात. "ताई, दिवसभर टुकटुक, टुकटुक. डोकं उठते. बटन दाबून बंदच ठेवतो."

इथंच खरा धोका आहे. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण लेकरांना सांगतो. गुराखी पोरगा रोज खोटं ओरडायचा, म्हणून खरा लांडगा आला तेव्हा कोणी धावलं नाही. गाडीचंही तसंच होतं. दहा वेळा उगाच वाजली की अकराव्या वेळी खरी वाजली तरी कान तिकडे जात नाही. मग सगळंच बंद होतं, आणि कामाचं तेही बंद होतं.

याचं एक उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. 1 जुलै 2019 पासून बनलेल्या प्रत्येक नव्या कारमध्ये सरकारनं काही गोष्टी सक्तीच्या केल्या. पुढच्या दोघांनी पट्टा लावला नाही तर आवाज येतो. वेग ताशी 80 च्या वर गेला की थोड्या थोड्या वेळानं बिप वाजतो, आणि 120 च्या वर गेला की थांबतच नाही. हा बिप कोणाच्याही जिवावर उठलेला नाही. तरी लोकांनी काय शोधून काढलं? पट्ट्याच्या खाचेत नुसता क्लिप खुपसायचा, म्हणजे गाडीला वाटतं पट्टा लावला. असे क्लिप ऑनलाइन विकले जात होते. 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ऑनलाइन दुकानांना ते काढायला लावले, तेव्हा 13,118 ठिकाणची विक्री बंद झाली. पट्टा लावायला दोन सेकंद लागतात. ते वाचवायला माणसं पैसे देऊन क्लिप विकत घेत होती!

आणि मागच्या सीटचं काय? पुष्कळ गाड्यांत मागच्या पट्ट्यासाठी बिप नसतो. म्हणून मागं पट्टा लावायचाच नसतो, असा समज झाला आहे. नियम मागं बसणाऱ्यांनाही लागू आहे. सप्टेंबर 2022 मध्ये पालघर जिल्ह्यात टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री अपघातात गेले. ते मागच्या सीटवर होते. मागच्या दोघांनीही पट्टा लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. ते दोघं गेले, पुढच्या सीटवरची दोघं जबर जखमी होऊनही वाचली. एवढ्या मोठ्या माणसाला चांगली गाडी वाचवू शकली नाही, तर आपण कोण?

आमच्या बायका म्हणतात, लुगड्यावर पट्टा अडचणीचा होतो, पदर चुरगळतो. पदर नंतर सारखा करता येतो. गरोदर बाईनं पट्टा लावू नये असंही म्हणतात, ते चूक आहे. खालचा पट्टा पोटावरून घ्यायचा नाही, पोटाच्या खाली, मांड्यांच्या वर कमरेच्या हाडांवरून घ्यायचा, आणि वरचा दोन्ही स्तनांच्या मधून, पोटाच्या बाजूनं. लेकरू मांडीवर धरून पुढच्या सीटवर बसायचं नाही. ताशी 80 च्या वेगात गाडी एका सेकंदात 22 मीटर जाते. अशा वेळी आईच्या हातांची मिठी पुरत नाही. हे कठोर वाटलं तरी खरं आहे.

आता मुख्य गोष्ट सांगतो. ऐकून वैतागायचं नाही आणि बंदही करायचं नाही, मग करायचं काय?

नागपूरला 2021 मध्ये 'आयरास्ते' नावाचा प्रकल्प सुरू झाला. शहर बसमध्ये असेच इशारा देणारे कॅमेरे बसवले. हैदराबादची ट्रिपल आयटी संस्था, केंद्राची रस्ते संशोधन संस्था, नागपूर महापालिका असे अनेक जण त्यात होते. त्यातली एक कल्पना आम्हाला फार आवडली. बसमधलं यंत्र कुठं कुठं वारंवार वाजतं, याची नोंद ठेवायची. एकाच ठिकाणी वेगवेगळ्या बस आणि वेगवेगळे चालक असताना इशारा वाजत असेल, तर दोष चालकाचा नसून त्या जागेचा असू शकतो. अपघात होऊन माणसं मरायच्या आधीच ती जागा दुरुस्त करता येते. बिप ही अशी खबर देतो.

आपल्याकडे संगणक नाही, पण वही तर आहे. बचत गटाच्या बाईला वही ठेवायला कोणी शिकवायला नको. म्हणून आम्ही एक वही केली. पुढच्या सीटवर जी बसेल, तिनं लिहायचं: तारीख, वेळ, किलोमीटरचा दगड कोणता, गाडी का ओरडली. पट्टा पुसला होता, की कोणी आडवं आलं, की राँग साईडनं आलं, की काहीच नव्हतं. एक काकू फक्त सही करायला शिकलेल्या. त्यांनी खुणा ठरवल्या. मोटरसायकलसाठी दोन गोल, ट्रॉलीसाठी चौकोन, पुसलेल्या पट्ट्यासाठी तुटक रेघ. तीन महिन्यांत वही भरली.

वही वाचली तेव्हा कळलं, गाडी काही कुठंही ओरडत नाही. काही जागा जवळजवळ प्रत्येक फेरीत येतात. एक जागा ढाब्यासमोर, जिथं दुभाजक तोडून वाट केली आहे. एक शाळेजवळ, सुटायच्या वेळी. एका वळणावर पांढरे पट्टेच उरले नाहीत. आणि एक जागा आमच्याच गावच्या फाट्यावर, जिथं पलीकडे जायला दूर जावं लागतं म्हणून आमचेच लोक राँग साईडनं येतात.

पट्टे पुसलेल्या आणि दुभाजक तोडलेल्या जागांचा अर्ज केला, पंचायतीच्या ठरावासह. एका ठिकाणी पट्टे पुन्हा मारले. बाकीचं अजून झालं नाही, आम्ही विचारत राहतो. पण फाट्यावरची जागा? तिथं अर्ज कोणाला करायचा? ते तर आपल्याच घरातले. तो विषय आम्ही गटाच्या बैठकीत घेतला. एक मावशी म्हणाल्या, "माया पोट्टाच येते तिकडून. त्याले मी सांगतो." अशा पाच-सहा घरांत बायकांनी सांगितलं. सगळे ऐकतात असं नाही, पण वहीत त्या फाट्याची नोंद आता कमी दिसते.

आणि ट्रॉली-बंडीचं सांगायचं राहिलं. दसऱ्यानंतर कापूस निघतो, पऱ्हाटी निघते. भरलेल्या मालानं मागचे दिवे झाकले जातात. रात्री मागून येणाऱ्या माणसाच्या डोळ्याला दिसत नाही, तिथं कॅमेऱ्याला काय दिसणार? मागं, बाजूला आणि बंडीच्या जूजवळ चमकणारी रेडियमची पट्टी लावा. खर्च फार नाही. आमच्या गटानं दंडाच्या पैशातून पट्ट्या आणल्या आणि गावातल्या ट्रॉल्यांना लावल्या. माल भरल्यावर पट्टी झाकली जाणार नाही अशा जागी लावायची, एवढं लक्षात ठेवा. दुसऱ्याच्या गाडीला आपली ट्रॉली वेळेवर दिसली, की दोन घरं वाचतात.

हे आता फक्त कारपुरतं राहणार नाही. 2025 मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं नियमांचा मसुदा काढला. त्यात मोठ्या प्रवासी गाड्या आणि ट्रक यांच्या नव्या मॉडेलमध्ये आपोआप ब्रेक, झोपेचा इशारा आणि पट्टा सोडल्याचा इशारा सक्तीचा करायचं म्हटलं आहे. म्हणजे ही टुकटुक वाढणार. आपण आतापासून ती समजून घेतलेली बरी.

झोपेच्या इशाऱ्यावरून एक सांगतो. आमच्या गाडीत कधी कधी पडद्यावर कपाचं चित्र येतं. बायका हसतात, गाडीले चहा पाहिजे म्हणतात. हसा, पण गाडी थांबवा. ते चित्र म्हणजे चालक थकला, असा गाडीचा अंदाज असतो. परतीच्या संध्याकाळी सगळ्यांनाच घरी जायची घाई असते. स्वयंपाक राहिलेला असतो, म्हशीची धार राहिलेली असते. तरी दहा मिनिटं थांबा, भाऊंना चहा द्या, तोंडावर पाणी मारू द्या. समृद्धी महामार्गावर तर हे फारच लागू आहे. सरळ आणि एकसारख्या रस्त्यावर डोळे उघडे असतात आणि मन झोपलेलं असतं.

आता गाडी ठरवताना काय विचारायचं ते लिहून घ्या. मागच्या सगळ्या सीटचे पट्टे चालू आहेत का? चालकानं आदल्या रात्री गाडी चालवली का, झोप झाली का? चालवताना फोन घेणार नाही ना? मदतनीस कोणती आहे, कोणती चालू ठेवणार? आपोआप ब्रेक आणि झोपेचा इशारा बंद करायचा नाही, असं आधीच ठरवा. पट्ट्याच्या इशाऱ्याचा आवाज कमी करता आला तर करा, पण तोही बंद नको. भाड्याचे पैसे आपण देतो, म्हणून विचारायचा हक्क आपला आहे. विचारताना भाऊंचा मान ठेवून विचारा. चांगल्या चालकाला असं विचारलेलं आवडतं, आमच्या भाऊंना आवडलं.

आणि दोन नंबर फोनमध्ये ठेवा. राष्ट्रीय महामार्गावर अडचण आली तर 1033. रुग्णवाहिकेसाठी 108. अपघात दिसला तर थांबून मदत करा. मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, त्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही.

पुढच्या मासिक बैठकीत प्रत्येक गटानं एक काम करावं. जो रस्ता तुम्ही नेहमी वापरता, त्याची एक वही सुरू करा. गाडीत यंत्र असेल तर यंत्र कुठं ओरडतं ते लिहा. यंत्र नसेल तर तुमच्या पोटात कुठं धस्स होतं, ते लिहा. ती खबरही तेवढीच खरी. वही भरली की पंचायतीत न्या, आणि आपल्या घरातल्या पोरांनाही दाखवा.

सावकाश जा, पट्टा लावून बसा.